बाटलीवरचे नाव

बेथेल दवाखाना, यवतमाळ
दि. ४ ऑगस्ट १९५७

ती. नामीआत्यास,
फिबीचा प्रभूच्या नावे सलाम. वि. वि.

मोटारीवरच्या देवसिंगने तू पाठवलेली बाटली गुरुवारी दुपारी आणून दिली. बूच घट्ट होते, चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात तुझे नाव होते, आणि सोबत ‘खोकला हटत नाही, बेडका तपासून पाहा’ एवढीच चिठ्ठी. मी त्याच दुपारी तपासला.

कसे लिहावे याचा दोन दिवस विचार केला. सरळ लिहायचे ठरवले, कारण आईबाबांच्या मागे तू मला वाढवलेस ते सरळ बोलूनच. बेडका काचेवर पसरून तांबड्या रंगात रंगवतात, तेजाबाने धुतात, मग वर निळा रंग देतात. क्षयाचे जंतू तांबडा रंग सोडत नाहीत. निळ्या जमिनीवर तांबड्या बारीक काड्या दिसतात. तुझ्या काचेवर त्या दिसल्या. शोधाव्या लागल्या नाहीत. चूक नको म्हणून मी दुसरी काच केली, तिसरी केली, आणि तिसरी डॉक्टरीणबाईंना नाव झाकून दाखवली. त्यांनीही तेच सांगितले.

हा आजार आता बरा होतो. सोबतच्या पुडक्यात आयसोनायझिडच्या गोळ्या आहेत, त्या रोज तीन. पी.ए.एस.ची पूड दिवसातून दोनदा. असे अठरा महिने. बरे वाटू लागले म्हणून मध्येच थांबवले तर उरलेले जंतू निर्ढावतात, आणि मग हेच औषध त्यांच्यावर चालत नाही. हे वाक्य दोनदा वाच.

तुझी भांडी आणि अंथरूण वेगळे हवे. तू हे पाळणार नाहीस, उलट आपल्या ताटातले दुसऱ्याला वाढशील, हे मला ठाऊक आहे. म्हणून आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांनाही आजच्याच टपालाने लिहिले आहे. ताटवाटीपासून प्रभुभोजनाच्या प्याल्यापर्यंत नऊ बाबी क्रमाने दिल्या आहेत. राग मानू नकोस.

प्रयोगशाळेत मी एकटी असल्याने मे महिन्याआधी रजा नाही. आपल्याकडे एक्स-रेचे यंत्रही अजून यायचे आहे. तोवर दर तीन महिन्यांनी बाटली पाठव आणि वजन कळव.

माझी प्रकृती ठीक. तुझा लोभ मला लागतो, तो जपून ठेवावा.

तुझी,
फिबी

---

फुलसावंगी
दि. १७ ऑगस्ट १९५७

चि. फिबीस नामीआत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचले, पुडके पोचले. किती नीट लिहितेस गं. पाळकसाहेबांनी तर तुझे पत्र दाराबाहेर उभे राहूनच मला वाचून दाखवले. गेले, आणि सातवी बाब राहिली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले. तू न्यायाधीश व्हायचीस, उगाच काचा पुसत बसलीस.

घाबरू नकोस. आणि रजेसाठी डॉक्टरीणबाईंच्या मागे लागू नकोस. तुझ्यावाचून तिथे माणसे अडतील. मी इथे मजेत आहे.

आता काही विचारते, त्याची उत्तरे तुझ्या पद्धतीने क्रमाने लिही. त्या पुडीने फार मळमळते, गुळाबरोबर चालेल का? रुई पिंजण्याचे काम करणाऱ्याला हा आजार असला तर ते काम बंद करायचे का? घरात लग्नाची मुलगी असली तर तिने किती लांब निजावे? तू म्हणशील, आत्याला कुठली रुई आणि कुठली मुलगी. अगं, तीस वर्षे बायबलबाई म्हणून दारोदार बायबल वाचून दाखवत हिंडले. लोक मला काहीही विचारतात.

शेजारच्या हबीबभाई पिंजाऱ्याची जैबुनबी तुला आठवते ना? तुझ्या वेण्या घालायची ती. माझी शुश्रूषा करायची म्हणून ती माझ्या ओसरीतच राहायला आली आहे. मी तिला म्हटले, मला क्षय आहे, लोक काय म्हणतील. तर म्हणते, बाई, तुमचा रोग मले कायले लागते, तो तुमाले इचारून येईन. तिच्या आयशाचे यवतमाळला ठरले आहे. मुलगा जहीर, मोटारींच्या कारखान्यात आहे. हबीबभाई आतापासूनच गाद्या भरतो आहे.

जेवत जा. लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझी,
नामीआत्या

---

बेथेल दवाखाना, यवतमाळ
दि. २० नोव्हेंबर १९५७

ती. नामीआत्यास सलाम. वि. वि.

दुसरी बाटली पोचली. ऑगस्टमध्ये काचेच्या प्रत्येक भागात जंतू होते. आता शंभर भाग पाहिले, त्यात अकरा सापडले. औषध लागू पडते आहे. एकही दिवस न चुकल्याचे हे लक्षण, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी तुझे कौतुक केले ते कळवते.

पण वजनाचा आकडा वाचून मी पत्र खाली ठेवले. हबीबभाईंच्या काट्यावर एक्क्याऐंशी पौंड? मी तुझ्या पाठीवर बसून नाला ओलांडला आहे. तुझे वजन एवढे कमी कधीच नव्हते. काटा तपासून घे. काटा बरोबर असेल तर रोज एक अंडे आणि अर्धा शेर दूध घे. ते तूच घे, गल्लीत वाटू नकोस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरे मागेच दिली होती. पाळकसाहेब माझ्या नऊ बाबी पाळतात का ते कळव.

एक बातमी. वरच्या शिक्षणासाठी मद्रासला जायला दवाखान्यातून माझी निवड झाली होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता. मी नाही म्हटले. तुझे औषध पुरे होईपर्यंत तुझी काच दुसऱ्या कोणी पाहू नये असे मला वाटते. याबद्दल तू काही लिहू नकोस. निर्णय झाला आहे.

थंडी पडू लागली. पाठवलेली शाल अंगावर घे, दुसऱ्याच्या घालू नकोस. माया असू दे.

तुझी,
फिबी

---

फुलसावंगी
दि. २८ डिसेंबर १९५७

चि. फिबीस नाताळचे आणि नव्या सालचे आशीर्वाद. वि. वि.

मद्रासबद्दल लिहू नकोस म्हणालीस, म्हणून लिहीत नाही. पण तुझे ते पत्र आल्यापासून मला घास गोड लागला नाही, एवढे कळून असू दे.

नाताळ झाला. पाळकसाहेब तुझ्या नऊ बाबी अगदी अक्षरशः पाळतात. मला शेवटच्या खांबाजवळ वेगळे बसकूर घातलेले असते. प्रभुभोजन सर्वांचे झाल्यावर माझा वेगळा पितळी प्याला येतो. पहिल्या पिकाच्या उपासनेला मी वालाच्या शेंगांची टोपली नेली, ती बाहेर पायरीवर ठेवून घेतली. मुलांची रविवारची शाळा आता पाळकीणबाई घेतात. मुले मला दुरून सलाम करतात. मोठी गोड आहेत हो, खांबाआडून करतात.

करंज्या नेहमीसारख्या केल्या. दरवर्षी एकवीस डबे जातात आणि रिकामे होऊन येतात. यंदा गेले तसेच भरलेले आले. एकीने निरोप दिला की मुलांना पोटदुखी आहे. एकवीस घरांत एकाच दिवशी पोटदुखी! तुझ्या दवाखान्याने येऊन पाहायला हवे होते. जैबुनबीने मात्र समोर बसून चार खाल्ल्या. खाताना डोळ्यांतून पाणी काढत होती. मी तिला म्हटले, करंजी खारट होईल. तर माझ्यावरच खेकसली.

तक्रार नाही गं माझी. तू विचारलेस म्हणून लिहिले. अंडे आणि दूध रोज चालू आहे. वजन शहाऐंशी झाले. शाल अंगावर आहे. कोणाच्या अंगावर ते विचारू नकोस.

दुरून का होईना, लोभ ठेव.

तुझी,
नामीआत्या

---

बेथेल दवाखाना, यवतमाळ
दि. २४ मार्च १९५८

ती. नामीआत्यास सलाम. वि. वि.

तिसऱ्या बाटलीत एकही जंतू नाही. तीन काचा केल्या, तीनशे भाग पाहिले. मी फार बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. पण त्या दिवशी सूक्ष्मदर्शकावर झाकण घातल्यावर मी तिथेच बसून प्रार्थना केली. कंपाउंडर आत आला आणि माझे डोके दुखते आहे असे समजून गोळी ठेवून गेला.

तू विचारलेस की सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत उपास केला तर गोळ्या कशा घ्याव्यात. ईस्टरआधीच्या लेंतातल्या उपासांची तू आजवर थट्टाच करत आलीस. यंदा एकदम महिनाभर आणि पाण्यावाचून? मुळीच करू नकोस. देव आजाऱ्याकडून उपास मागत नाही. ऐकणारच नसलीस तर पहाटे खाऊन एकदा आणि दिवस मावळल्यावर एकदा घे. पण ऐक.

औषध जानेवारीपर्यंत चालूच राहील. काच स्वच्छ म्हणजे माणूस बरा, असे नव्हे.

एक्स-रेचे यंत्र आले. आता रस्ताही कोरडा आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात तू यायचेच आहेस. सबब चालणार नाही. मी देवसिंगला मोटारीत पुढची जागा ठेवायला सांगितले आहे. कृपा राहो.

तुझी,
फिबी

---

बेथेल दवाखाना, यवतमाळ
दि. ९ मे १९५८

ती. आत्याबाईंस,
सलाम. वि. वि.

आपण काल सकाळच्या मोटारीने मला न सांगता निघून गेलात. म्हणून हे लिहावे लागते.

आपल्या छातीचा फोटो मी उजेडासमोर धरून पाहिला, डॉक्टरीणबाईंनी पाहिला. दोन्ही फुप्फुसे स्वच्छ आहेत. ज्याला असा क्षय होता त्याच्या छातीत बरे झाल्यावरही वण राहतो. आपल्याला वण नाही. दवाखान्याच्या काट्यावर आपले वजन एकशे एकोणीस पौंड भरले. मार्चमध्ये आपण ब्याण्णव कळवले होते. चार दिवसांत आपण एकदाही खोकला नाहीत. माझ्या खोलीच्या तीन पायऱ्या आपण माझ्याआधी चढलात.

म्हणजे नऊ महिने मी ज्या काचा पाहिल्या त्या आपल्या नव्हत्या.

प्रयोगशाळेच्या वहीत खोटी नोंद आहे आणि ती माझ्या हातची आहे. त्या नोंदीवर मी मद्रास सोडले. त्या नोंदीवर नऊ महिने रोज सकाळी उठले की आपली छाती माझ्या डोळ्यांपुढे येत असे. आणि ज्याला खरोखर क्षय आहे तो माणूस कोण, त्याने औषध घेतले की नाही, हे मला अजूनही माहीत नाही.

बेडका कोणाचा होता ते उलट टपाली कळवावे.

फिबी

---

फुलसावंगी
दि. १४ मे १९५८

चि. फिबीस आशीर्वाद. वि. वि.

मला ‘आपण’ म्हणालीस. बरोबर केलेस.

बेडका जैबुनबीचा होता. गेल्या जुलैत तिच्या ओढणीच्या टोकाला मी रक्त पाहिले. ती म्हणाली, रुईचा खोकला आहे. मी हात धरला तेव्हा रडली. आयशाचा निकाह लागेपर्यंत तोंड उघडायचे नाही आणि मग खुशाल मरायचे, असे तिने ठरवले होते. आईला क्षय म्हटल्यावर मुलीला कोण करून घेणार? मी तिला तुझ्या दवाखान्यात चल म्हटले. तर म्हणाली, बाई, मोटारीवर देवसिंग बाटलीचं नाव वाचन, दवाखान्यात कंपोंडर वाचन, अन् यवतमायातच तर जहीरची माय हाय. हबीबभाईलाही सांगू दिले नाही.

बाटलीवर कोणाचे तरी नाव घालावे लागते. मी म्हटले, माझ्या नावाला आता कुठले स्थळ येणार आहे? माझे घाल. फिबी, मी काही मोठा विचार केला नव्हता. माणसाला पाणी हवे असते, आपल्याजवळ तांब्या असतो, तेवढेच.

औषध तिने एक दिवसही चुकवले नाही. मी समोर बसवून देत होते. माझी शुश्रूषा करते म्हणून ती ओसरीत निजायला आली, त्यामुळे आयशा दूर राहिली. माझ्याकडे दिवसभर असते म्हणून रुईचे काम सुटले. तुझ्या सगळ्या सूचना पाळल्या गेल्या. रोजेही मी करू दिले नाहीत. भांडणच झाले. शेवटी तू लिहिलेस ते वाचून दाखवले, तेव्हा गप्प बसली.

तू मद्रास सोडल्याचे पत्र आले त्या दिवशी मी खरे लिहायला कागद घेतला होता. बाहेर जैबुनबी कशाला तरी हसत होती. किती महिन्यांनी तिचे हसू खोकल्यात बुडाले नव्हते. मी कागद ठेवून दिला. तिथे मी चुकले. माझे होते ते मी आनंदाने दिले, खांबाजवळ बसले त्याचेही मला दुःख नाही. पण मद्रास तुझे होते. ते मी तुला न विचारता दिले. दुसऱ्याचे दिले त्याला दान म्हणत नाहीत. त्याची क्षमा मी प्रभूजवळ मागितली आहे, आता तुझ्याजवळ मागते.

तिचे औषध मात्र बंद करू नकोस. पुडके पंधरा जूनला संपते.

तुझीच,
नामीआत्या

---

बेथेल दवाखाना, यवतमाळ
दि. २२ मे १९५८

ती. नामीआत्यास फिबीचा सलाम. वि. वि.

तुझे पत्र मी डॉक्टरीणबाईंना जसेच्या तसे वाचायला दिले. ते मला करावेच लागले. त्यांनी एवढेच विचारले की त्या बाईने खरेच सगळे औषध घेतले का. मी म्हटले, काचा तसे सांगतात. त्या म्हणाल्या की तीन वर्षांत एकही दिवस न चुकवलेला हा त्यांचा पहिला रोगी, आणि त्याला त्यांनी अजून पाहिलेलेही नाही.

पण त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे, आणि मला ते पटते. न पाहिलेल्या माणसाला यापुढे औषध द्यायचे नाही. छातीत काय उरले आहे ते पाहिल्यावाचून पुढची मात्रा ठरवणे धोक्याचे आहे. जैबुनबीने स्वतः यावे, स्वतःच्या नावाने. पंधरा जूनच्या आत. औषध तुटले तर नऊ महिन्यांचे सारे वाया जाईल, आणि दुसऱ्यांदा तिच्यासाठी माझ्याजवळ काही नसेल. लग्न मोडण्याची भीती मला कळते. पण आयशाला आईही हवी आहे. हे तिला माझ्या नावाने सांग.

वहीतली तुझी नोंद मी तांबड्या शाईने खोडली आणि समोर खरे कारण लिहून सही केली.

आता माझे. तुला खांबाजवळ मी बसवले. रागाच्या भरात मी पहिल्यांदा एवढेच मोजले की माझे काय गेले. मग डिसेंबरचे तुझे पत्र काढून पुन्हा वाचले. माझ्या नऊच्या नऊ बाबी वैद्यकशास्त्राला धरून होत्या, आणि त्या मी तुझ्याशी एक शब्द न बोलता परभारे पाळकांना लिहिल्या. तू एकदाही म्हणाली नाहीस की हे तुझ्या पत्रामुळे झाले. शिवाय रजा मिळत नाही हे खरे असले, तरी मी हट्ट धरला असता तर दोन दिवस मिळाले असते. काचेवर पाहिलेले तुझ्या चेहऱ्यावर पाहायचा मला धीर नव्हता. आले असते तर ऑगस्टमध्येच सगळे कळले असते. म्हणून मद्रासचा हिशेब तुझ्या एकटीच्या नावावर घालता येत नाही.

क्षमा केली आहे. मलाही कर. पाळकसाहेबांना मी आज काही लिहीत नाही. जैबुनबीचे नाव सांगायचा हक्क तिचा आहे.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
फिबी

---

फुलसावंगी
दि. १२ जून १९५८

फिबीबेटीले जैबुनबीची लाख लाख दुवा.

हे मी सांगून राह्यली अन् बाई लिहून राह्यल्या. बाईले म्हटलं, जसं बोलीन तसंच लिहा, तुमची शुद्ध भाषा माह्या तोंडात घालू नका. तर हसून राह्यल्या.

बेटी, तुह्या दवाखान्यात मी शनिवारी येतो, माह्याच नावानं. सोबत आयशाचे अब्बा. त्याईले मी सांगतलं तवा ते पिंजणावरून उठलेच नाही. मंग म्हणे, नऊ महिने तू बाईची सेवा करून राह्यली म्हणून मी साऱ्या गावात मिरवत होतो, अन् सेवा बाईच करून राह्यल्या होत्या.

आयशाले सांगतलं. लय बिघडली. म्हणे, अम्मी, तू माह्या लग्नासाठी रगत गियलं, आता मी लग्न गियतो, तू पाह्य, गियता येते का नाही. मी म्हटलं थांब, पहिले मले बोलू दे. परवा आम्ही दोघं यवतमायले जहीरच्या घरी गेलतो. त्याच्या मायले, शहनाजबीले, उंबऱ्यावरच सांगतलं. आत नाही गेली. तिनं चहा आणला, आमच्या हातात नाही देल्ला, खाली ठेवला. मंग म्हणे, काहून सांगतलं? लग्नानंतर सांगतलं असतं तं आम्ही काय करनार होतो? मी म्हटलं, माह्यासाठी एक बाई सालभर दुसऱ्याचा रोग आंगावर घेऊन बसली, आता मले खोटं बोलाची लाज वाटते. तिनं हो नाही म्हटलं, नाही बी नाही म्हटलं. दवाखान्याचा कागद पाह्यजे म्हणे, तुमच्याच नावाचा, तीन खेप साफ. मंग बोलू. रास्त हाय. मी तिच्या जागी असती तं मी बी हेच म्हटलं असतं.

अन् इतवारी तुमच्या चर्चच्या दाराशी जाऊन उभी राह्यली. बाई नको नको म्हणत होत्या, त्याईच्या हातातून पदर सोडवून गेली. लोक भाईर निघाले तवा म्हटलं, रोग माहा होता, बाईचा नाही, कोनाले भांडे येगळे ठेवाचे असन तं माहे ठेवा. पाळकसाहेबाईचं तोंड उघडंच राह्यलं. तुह्या चिठ्ठीत यासाठी काही लिहिलं नव्हतं वाटते, खिसे चाचपत होते. दुसऱ्या दिवशी सहा बाया रिकामे डबे घेऊन बाईच्या दारात. म्हणे, नाताळच्या करंज्या राह्यल्या होत्या. जूनच्या महिन्यात! मीच खेकसली, पहिले मैदा आना म्हटलं. तं आनला.

तुह्यं सिक्षण माह्यापायी गेलं हे बाईनं मले काल सांगतलं. त्याचं मी काय देऊ? माह्यापाशी एवढंच हाय की अल्लाच्या दरबारात तुह्यं नाव मी पहिले घेतो, मंग आयशाचं. आयशाले हे सांगू नको.

लोभ असन तसाच राहो.

जैबुनबी
(अंगठा तिचा, अक्षर माझे, रडू दोघींचे. नामीआत्या)

---

बेथेल दवाखाना, यवतमाळ
दि. ३ फेब्रुवारी १९५९

ती. नामीआत्यास फिबीचा प्रभूच्या नावे सलाम. वि. वि.

जैबुनबीचे औषध शनिवारी संपले. तिच्या नावाने पाच काचा झाल्या, पाचही स्वच्छ. छातीत उजवीकडे वर एक वण आहे. तो राहील, त्याचे भय नाही. वजन एकशे चार. शहनाजबी कागद घ्यायला स्वतः आल्या होत्या. त्यांनी तीन मागितले होते, मी पाच दिले. त्यांनी पाचही उजेडाकडे धरून पाहिले. वाचता येत नाही, पण शिक्का ओळखतात. मग मला म्हणाल्या की निकाहाला यावे लागेल आणि आत्याला पुढच्या ओळीत बसावे लागेल. तारीख हबीबभाई कळवतील.

मद्रासच्या जागेवर नागपूरची मुलगी गेली. ती हुशार आहे, नवीन शिकते ते मला पत्राने कळवते. मला वाईट वाटत नाही असे लिहिले तर ते खोटे ठरेल. वाटते. पण गेल्या वर्षात जे झाले त्याबद्दल मी देवाचे आभार मानते, आणि ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

एक काम केले आहे, ते तुला सांगायचे आहे. मी डॉक्टरीणबाईंना म्हटले की लोक बेडका देत नाहीत ते सुईच्या किंवा औषधाच्या भीतीने नव्हे, चिकटपट्टीच्या भीतीने. तुझ्यासारखी आत्या प्रत्येकाच्या शेजारी नसते. जुलैपासून आम्ही बाटलीवर नाव लिहिणे बंद केले. बाटलीवर आकडा असतो. आकडा कोणाचा ते फक्त एका वहीत असते आणि ती वही कुलपात असते. किल्ली माझ्याजवळ. घरी काय पाळायचे ते मी आता रोग्याला समोर बसवून सांगते, पाळकाला किंवा पाटलाला लिहीत नाही. आधीच्या वर्षात नऊ जण आपण होऊन आले होते. या सात महिन्यांत त्रेचाळीस आले. औषध सगळ्यांना पुरणार नाही असे दिसले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिले. तुमच्या पाळकसाहेबांनी पहिल्या पिकाचे सगळे धान्य रोग्यांच्या जेवणासाठी पाठवले. सोबत नऊ बाबींचे पत्र होते. एकूण एक बाब चांगली होती.

काल तांड्यावरून सोनीबाई नावाची बाई आली होती. दोन दिवस चालत आली. बाटली पदराखाली धरली होती, देईना. घरच्यांना कळले तर मुले काढून घेतील म्हणाली. मी तिच्यासमोर चिकटपट्टीवर आकडा लिहिला आणि ती पट्टी तिच्या हातात दिली. तिने आकड्यावरून बोट फिरवले. मग तिने विचारले की नाव नाही, गाव नाही, तर ही बाटली तिची आहे हे कळणार तरी कोणाला.

मी म्हटले, मला.

तिने बाटली दिली.

निकाहाला भेटू. तोवर तुझ्या लोभातच आहे.

तुझी,
फिबी